खिशातला मेल चुकू नये म्हणून: बेळगाव-चंदगड पट्ट्यात कामाचा फोन कसा लावायचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशिन शॉपमध्ये मी ऑफिसचं काम पाहते. कोटेशन, ऑर्डर, चलन, डिस्पॅच आणि ग्राहकांचा सगळा पत्रव्यवहार. घर चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढे. म्हणजे रोज सकाळी एका राज्यातून निघायचं, दुसऱ्या राज्यात काम करायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं.

पाच वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी पुण्याकडच्या एका ग्राहकाने ड्रॉइंग बदलून पाठवलं. सिलिंडरच्या एंड कॅपवरची ओ-रिंगची खाच दोन मिलिमीटर सरकवली होती. मेल निघाला सहा वाजून दहा मिनिटांनी. मी बसमध्ये होते, फोन हातात होता, बॅटरी भरपूर होती. तो मेल मला दिसला दुसऱ्या दिवशी सकाळी, हिंडलगा यायच्या थोडं आधी. तोवर रात्रपाळीने जुन्या ड्रॉइंगवर साठ नग उतरवले होते. खाच एकदा कापली की भरून काढता येत नाही; सगळे नग भंगारात गेले.

"मेल आलाच नाही की ओ," असं मी सांगत होते आणि ग्राहक म्हणत होते, "आम्ही वेळेत पाठवलाय." दोघांचंही खरं होतं. मेल आमच्या सर्व्हरवर, म्हणजे मेल साठवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर, सहा दहालाच येऊन पडला होता. तिथून माझ्या फोनपर्यंतची वाट तुटली होती. मेल पोचणं आणि मेल फोनवर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलामुलींचे आणि शेजारच्या दोन-तीन युनिटवाल्यांचे फोन मी लावून दिले. प्रत्येक वेळी त्याच चार-पाच जागी घोळ निघाला. उद्यमबाग, मच्छे किंवा शिनोळी एमआयडीसीत नवे लागलेले असोत, वडगाव-शहापूरचे साडीवाले असोत, निपाणी-खानापूरहून ये-जा करणारे असोत, ज्यांचं काम मेलवर चालतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात कुठून झाली

मेल आला की फोन स्वतःच सांगतो, हे आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही सोय लोकांच्या हातात आणली ती कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने. १९९९ साली तिचं ब्लॅकबेरी ८५० हे यंत्र आलं. पेजरसारखं दिसणारं, मेल येणारं, पण फोन नसलेलं. फोन आणि मेल एकत्र आले २००२ च्या ५८१० या मॉडेलमध्ये, तेही बोलायचं तर कानाला इअरफोन लावून. भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलने आणला.

आमच्या मालकांनी २०१० साली घेतलेला ब्लॅकबेरीचा कर्व्ह हा फोन पुढे माझ्याकडे आला. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकला की समजायचं, मेल आहे. तेव्हाचं नेटवर्क गोगलगायीसारखं, तरी मेल मिनिटाभरात यायचा. कारण तो फोन सर्व्हरला सारखं "काही आलंय का?" असं विचारत बसत नव्हता. मेल आला की मधलं केंद्रच तो फोनकडे ढकलायचं, आणि तेही आधी मजकुराची सुरुवात तेवढी. पुढचं वाचायचं असेल तर मागवून घ्यायचं. यालाच पुश म्हणतात. उलट पद्धतीत फोन ठरावीक वेळाने जाऊन बघून येतो, पंधरा मिनिटांनी किंवा तासाने. या दोन पद्धतींतला फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं निम्मं काम त्यावरच आहे.

सगळे मेल एकाच कंपनीच्या केंद्रातून जायचे याचा तोटाही आम्ही पाहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये ते केंद्र बिघडलं आणि भारतासह अनेक देशांत दोन-तीन दिवस मेलची बोंब होती. म्हणून पाहण्याचा दुसरा रस्ता, म्हणजे ब्राउझरमधून उघडणारा वेबमेल, प्रत्येकाला माहीत हवाच.

हाताशी काय काय लागेल

बसण्याआधी एवढं गोळा करा, नाहीतर अर्ध्यावर उठावं लागतं.

- मेलचा पूर्ण पत्ता आणि पासवर्ड. "कॉम्प्युटरवर आपोआप उघडतो" हा पासवर्ड नव्हे. आधी वेबमेलमध्ये टाकून बघा.
- मेल कंपनीच्या स्वतःच्या नावाचा असेल, तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरची नावं. वेबसाइट करून देणाऱ्याकडून लेखी घ्या.
- फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक. *#०६# दाबला की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून ठेवा.
- फोन खरेदीचं बिल. फोटो काढून मेलवर ठेवा, कारण फोनमध्येच ठेवलेला फोटो फोनबरोबर जातो.
- सिम कोणाच्या नावावर आहे याची खात्री. कामाचा नंबर गाव सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर निघाला, तर डुप्लिकेट सिमच्या वेळी अडचण होते.
- चाचणीसाठी दुसऱ्या कुणाचा तरी मेल पत्ता, आणि एक वही.

१. फोन घेताना

महाग फोनची गरज नाही. कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का, बॅटरी दिवसभर पुरते का आणि पडदा ड्रॉइंग वाचता येईल एवढा आहे का, एवढं पाहा.

बटणांच्या कीबोर्डची सवय असलेले काही जण अजून जुना ब्लॅकबेरी शोधतात. ती ओढ मला समजते, त्या बटणांवर न बघता टाइप व्हायचं. पण घेऊ नका. कंपनीने स्वतः फोन बनवणं २०१६ मध्ये थांबवलं, आणि ४ जानेवारी २०२२ पासून ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या फोनांच्या सेवाही बंद केल्या. त्या फोनवर मेल तर सोडाच, साधा कॉल आणि एसएमएससुद्धा भरवशाचा राहिलेला नाही. नंतर निघालेले अँड्रॉइडवाले ब्लॅकबेरी चालू होतात, पण त्यांनाही अपडेट येत नाहीत. कामाचा मेल अशा फोनवर ठेवू नये.

दुकानदार बऱ्याचदा फोन कन्नडमध्ये लावून देतात. वाचता येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर सगळ्यात आधी भाषा बदला, कारण पुढे सेटिंगमध्ये बरंच आत जायचं आहे.

२. मेल राहतो कुठे ते आधी ठरवा

ही पायरी कुणीच करत नाही आणि सर्वात जास्त मेल इथेच हरवतात.

मेल सर्व्हरवरून आणायच्या दोन रीती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉप म्हणजे पोस्टातून पत्र घरी आणणं. आणलं की पोस्टात काही उरत नाही. आयमॅपमध्ये पत्र पोस्टातच राहतं, तुम्ही कुठल्याही खिडकीतून वाचा. वाचलेलं, हलवलेलं, पुसलेलं सगळीकडे सारखं दिसतं.

आपल्याकडच्या लहान ऑफिसांत कॉम्प्युटरवर दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी पॉपवर मेल लावून गेलेलं असतं. त्यात "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण नसेल, तर ऑफिसचा कॉम्प्युटर चालू असताना आलेला प्रत्येक मेल तो ओढून घेतो आणि सर्व्हर रिकामा करतो. फोन बघायला जातो तेव्हा तिथे काहीच नसतं. मग माणूस म्हणतो, "फोनवर कधी मेल येतो, कधी येत नाही." ऑफिस बंद झाल्यावर येतो, उघडं असताना येत नाही, असं होत असेल तर नव्वद टक्के हेच कारण समजा.

उपाय: कॉम्प्युटरवरचं खातं आयमॅपवर न्या. पण थांबा, जुनं खातं पुसू नका. पॉपने आणलेले जुने मेल फक्त त्या कॉम्प्युटरवरच आहेत, खातं पुसलंत तर ते गेले. आधी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मग शेजारी नवं आयमॅप खातं जोडा, आणि जुन्याचं मेल आणणं तेवढं बंद करा. ज्याला यातलं कळतं असा माणूस शेजारी बसवून करा. ही एकच पायरी एकट्याने करू नका, असं मी सांगते.

मेल सर्व्हरवर राहिला की जागा भरते, हेही ध्यानात असू द्या. जीमेलला १५ जीबी फुकट मिळते, पण त्यात फोनमधून गूगलच्या सर्व्हरवर (क्लाउडवर) साठवलेले फोटोसुद्धा मोजले जातात. जागा संपली की येणारे मेल परत जातात, आणि पाठवणाऱ्याने कळवलं नाही तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. कामाच्या खात्यावर घरचे फोटो साठवू नका.

३. फोनवर खातं जोडा

जीमेलचा पत्ता असेल तर जीमेलचं अ‍ॅप घ्या, लॉग-इन करा, झालं. तिथे पुश आपोआप असतं. आयफोनवाल्यांनी मात्र लक्ष द्या: फोनबरोबर आलेल्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेल जोडलं तर ते पुश होत नाही, ठरावीक वेळाने आणलं जातं. आयफोनवरसुद्धा जीमेलचंच अ‍ॅप वापरा.

कंपनीच्या नावाचा पत्ता साध्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, असेल तर आयमॅप निवडून सर्व्हरचं नाव टाका. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७. सुरक्षा बंद करून "चालतंय की" म्हणणाऱ्या मुलाचं ऐकू नका. तसं केलं तर पासवर्ड उघडा जातो.

आता सापळा. हे खातं अँड्रॉइडवर जीमेलच्या अ‍ॅपमध्ये जोडलंत, तर ते पुश होत नाही. किती वेळाने बघायचं ते सेटिंगमध्ये असतं, आणि कमीत कमी पंधरा मिनिटं. चौकशीचे मेल असतील तर पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण तातडीची कामं असतील, तर थंडरबर्ड किंवा के-नाइन हे अ‍ॅप वापरा. त्यांना आयमॅपचं पुश येतं: फोन सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवतो आणि मेल पडला की सर्व्हर सांगतो. अ‍ॅपमध्ये इनबॉक्ससाठी पुश चालू केलंय ना, तेवढं बघून घ्या.

खातं जोडून झालं की द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख विचारणं, चालू करा. गूगल त्या वेळी दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवा. का, ते शेवटच्या पायरीत येईल.

४. फोन झोपतो, त्याला मेलपुरतं जागं ठेवा

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन टेबलावर पडून राहिला आणि पडदा बंद असला की तो हळूहळू झोपेत जातो आणि अ‍ॅपांची धावपळ थांबवतो. बॅटरीसाठी ते चांगलंच आहे. त्यावर प्रत्येक कंपनी आपली आणखी कात्री लावते.

सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग मेलचं अ‍ॅप, मग बॅटरी, इथे जाऊन "निर्बंध नाही" निवडा. रेडमी-शाओमीवर शिवाय "ऑटोस्टार्ट" चालू करावं लागतं. सॅमसंगवर "स्लीपिंग अ‍ॅप्स"च्या यादीत मेल असेल तर काढा आणि "नेव्हर स्लीपिंग"मध्ये घाला. विवो, ओप्पो, रिअलमीवर पार्श्वभूमीत चालू द्यायची परवानगी वेगळी असते. डेटा सेव्हर वापरत असाल तर त्यातूनही मेलला सूट द्या.

आणि अ‍ॅप "फोर्स स्टॉप" करू नका. तसं केलं की तुम्ही हाताने उघडेपर्यंत ते मेलच घेत नाही. फोन हळू चालतो म्हणून भाचा-पुतण्या काहीतरी क्लीनर अ‍ॅप टाकून देतात, ते हेच करत असतं. काढून टाका.

५. बाची ओलांडली की काय होतं

हे आपल्या भागाचं खास दुखणं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

टेलिकॉमच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. बेळगावात घेतलेलं सिम कर्नाटक सर्कलचं. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा करत बाची ओलांडली की शिनोळी, आणि फोनला महाराष्ट्राचा टॉवर लागतो. कंपनी तीच असली तरी फोनच्या लेखी ते परकं नेटवर्क, म्हणजे रोमिंग. वर पट्टीत आर अक्षर दिसतं. कोगनोळीहून कागलकडे जाताना तेच, चोर्ल्यातून गोव्यात उतरताना तेच. आणि यासाठी सीमा ओलांडावीच लागते असं नाही. शेतातलं घर उंचावर असेल तर पलीकडचा टॉवर जोरात मिळतो आणि फोन घरात बसून रोमिंगवर जातो.

रोमिंगवर कॉल चालतो, एसएमएस येतो. डेटा मात्र "डेटा रोमिंग" हे बटण चालू असेल तरच. ते बटण बऱ्याच फोनवर मुळात बंदच असतं. फोन वाजतोय म्हणजे सगळं ठीक आहे असं आपल्याला वाटतं, आणि मेल मात्र अडून राहतो. माझं त्या संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं. बाचीपासून घरापर्यंत, रात्रभर, आणि सकाळी परत बाची येईपर्यंत माझा मेल बंद होता. त्याआधीही किती दिवस तसा बंद राहिला असेल; रात्री कुणी महत्त्वाचं पाठवलं नाही म्हणून कळलं नाही एवढंच.

आपल्या आधीच्या पिढीने ते बटण बंद ठेवायची सवय लावली त्याला कारण होतं. तेव्हा सीमा ओलांडली की येणाऱ्या कॉललाही पैसे कापले जायचे. आता देशातल्या देशात बहुतेक पॅकना वेगळा आकार पडत नाही. तुमच्या पॅकचं एकदा वाचून खात्री करा आणि काय करायचं ते असं:

- सेटिंगमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन डेटा रोमिंग चालू करा. दोन सिम असतील तर दोन्हींचं बटण वेगवेगळं असतं, दोन्ही चालू करा.
- नेटवर्क "आपोआप" वर ठेवा. कुणी हाताने एकच नेटवर्क निवडून ठेवलं असेल, तर सीमेपलीकडे फोन नुसता शोधत राहतो.
- परदेशात जाताना हे बटण आठवणीने बंद करा. तिथला आकार खरोखर जबर असतो.

काही जण दोन्ही राज्यांचं एकेक सिम ठेवतात. चालेल, पण डेटा कुठल्या सिमवर आहे ते सकाळ-संध्याकाळ बदलत बसावं लागतं आणि एक दिवस विसरतंच. एकच सिम आणि रोमिंग चालू, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यातही मिळते. त्यामुळे कायमचे पलीकडे राहायला गेलात, तर नंबर टिकवून तिथलं सिम करता येतं.

चोर्ला घाटात तर नेटवर्कच जातं. त्याची काळजी नको, मेल सर्व्हरवर थांबून राहतो आणि रेंज आली की येतो. जपायचं ते तुम्ही पाठवलेल्या मेलला. घाटात "पाठवा" दाबलं की तो आउटबॉक्समध्ये पडून राहतो. खाली उतरल्यावर आउटबॉक्स रिकामा झालाय का बघा.

६. शेडमधलं वाय-फाय

पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची रेंज पडते, म्हणून सगळे वाय-फाय लावतात. लाइट गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण बाहेरची लाइन बंद पडलेली असते. फोनला वाय-फाय दिसतंय म्हणून तो तिथेच चिकटून बसतो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये "इंटरनेट नसेल तर मोबाइल डेटावर जा" अशा अर्थाचं बटण असतं, ते चालू करा. रोजचा डेटा संपला की वेग इतका घसरतो की मेल येतो पण ड्रॉइंग उघडत नाही, हेही याच पोटात आलं.

७. मेल आला, पण वाजला का?

जीमेल आलेल्या मेलचे गट पाडतं: मुख्य, जाहिराती, अपडेट वगैरे. आवाज बहुधा मुख्य गटातल्या मेललाच होतो. मोठ्या कंपन्यांच्या संगणकातून आपोआप सुटणाऱ्या खरेदी-ऑर्डर नेमक्या "अपडेट" किंवा "जाहिराती"त जाऊन पडतात. आमची एक ऑर्डर अशीच दोन दिवस पडून होती.

सेटिंगमध्ये जाऊन इनबॉक्सचे गट काढून टाका, आणि सूचना "सर्व मेल"साठी व "प्रत्येक मेलला" अशा ठेवा. कामाच्या खात्याला वेगळा आवाज द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या टुंग-टांगमध्ये मेलचा आवाज ओळखू येत नसेल तर पुशचा उपयोग काय? अँड्रॉइड १३ पासून नवं अ‍ॅप सूचना दाखवायची परवानगी विचारतं. घाईत "नको" दाबलं असेल तर तीही तपासा. स्पॅमचा गट मी रोज सकाळी चहाबरोबर एकदा चाळते.

८. चाचणी, आणि ती वहीत लिहा

लावून झालं म्हणजे झालं असं धरू नका. दुसऱ्याच्या पत्त्यावरून स्वतःला मेल पाठवायला सांगा आणि पाठवल्याची व आल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. चार वेळा करा:

- फोन हातात, पडदा चालू असताना.
- फोन टेबलावर तासभर न हलवता, पडदा बंद असताना. चार्जर काढून ठेवा. चार्जरला लावलेला फोन तसा झोपत नाही, त्यामुळे सगळं ठीकच दिसतं आणि फसगत होते.
- सीमा ओलांडल्यावर, बसमध्ये किंवा घरी.
- चार-पाच एमबीची पीडीएफ जोडून, शेडच्या सर्वात आतल्या कोपऱ्यात.

ज्या चाचणीत वेळ लागला ती पायरी पुन्हा बघा: दुसरी चुकली तर बॅटरी, तिसरी चुकली तर रोमिंग. फोनचं मोठं अपडेट आलं की ही चाचणी परत करा, कारण अपडेटनंतर बॅटरीची सेटिंग कधी कधी मूळपदावर जातात.

आमच्याकडे तेव्हापासून एक नियम आहे. ड्रॉइंग बदलाचा मेल आला की "मिळाला, अमुक क्रमांकाची आवृत्ती" एवढं एका ओळीचं उत्तर त्याच वेळी फोनवरून जातं. ग्राहकांनाही सांगून ठेवलंय की तासाभरात उत्तर नाही आलं तर फोन करा.

९. मराठी मजकूर आणि जोडलेल्या फाइली

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शिवाजी, कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र फोनवर उघडलं की विचित्र अक्षरांची रांगोळी दिसते, कारण तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या कन्नड पत्रांचंही हेच होतं. फाइल बिघडलेली नसते. पाठवणाऱ्याला पीडीएफ करून मागा, आणि स्वतः युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करायची सवय लावा. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच वापरतो. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. कॅडच्या फाइली फोनवर सहसा उघडत नाहीत, म्हणून ग्राहकांना सोबत पीडीएफ द्यायला सांगा.

१०. बँक खातं बदलल्याचा मेल

फोनच्या लहान पडद्यावर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. चोर याचाच फायदा घेतात. ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: "आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यावर भरा." नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि एकेक अक्षर वाचा. पत्ता बरोबर दिसला तरी पैसे भरण्याआधी फोन करा, आणि तो मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर. कारण त्यांचं मेल खातंच फोडलेलं असू शकतं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते.

११. फोन हरवला तर

सगळा व्यवहार त्या फोनवर असतो, तेव्हा क्रम पाठ असू द्या.

आधी कॉम्प्युटरवरून मेल खात्यात जा, हरवलेला फोन लॉग-आउट करा आणि पासवर्ड बदला. मग फोन शोधायच्या सोयीतून तो लॉक करा किंवा पुसा. नंतर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या. शेवटी केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीची प्रत, बिल आणि आयएमईआय देऊन फोन ब्लॉक करा. म्हणजे तो कुठल्याच सिमवर चालणार नाही. फोन बेळगावात हरवला आणि घर चंदगडला असेल, तरी तक्रार जिथे हरवला तिथल्या ठाण्यात देणं सोयीचं. अर्ज कन्नडमध्ये लिहायला सांगितला तर लिहून देणाऱ्याकडून तो तुम्हाला वाचून दाखवायला सांगा आणि आयएमईआयचे अंक स्वतः ताडून बघा.

आता ते बॅकअप कोड. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर सुरुवातीचे २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. दुसऱ्याच कुणी तुमच्या नावावर सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून तो नियम आहे, आणि योग्यच आहे. पण त्या २४ तासांत तुमचाही ओटीपी येत नाही. नव्या फोनवर मेल उघडायला तेव्हा कागदावरचा आठ अंकी कोडच कामी येतो. आमच्याकडे तो कागद बिलांच्या फाइलमध्ये, ऑफिसच्या कुलपाच्या कपाटात असतो. किल्ली एक मालकांकडे, एक माझ्याकडे. वापरलेल्या कोडवर मी तारीख घालून रेघ मारते, आणि दोन-तीनच उरले की नवे दहा काढून जुना कागद फाडून टाकते.